जैसलमेरचं आगाऊ कार्ड

मे १९८६, मंगळवार. हजर: मी, टपरीवाला म्हातारा, एक ट्रक ड्रायव्हर. बाहेर माझी मोटरसायकल, वाळूत आडवी.

दहिसरहून एकटा निघताना बायकोची एकच अट होती, प्रत्येक मुक्कामाहून कार्ड टाकायचं. वाटेत वेळ जाऊ नये म्हणून मी सगळी कार्डं घरीच लिहून ठेवली. शेवटच्यावर होतं, ‘जैसलमेरला सुखरूप पोचलो. हवा छान.’

बाडमेरच्या पुढे वाळूचं वादळ आलं आणि मी त्या टपरीत अडकलो. दार किलकिलं केलं तरी तोंडात रेती जायची. दुसऱ्या सकाळी वारा पडला, तेव्हा ड्रायव्हर जैसलमेरला निघाला. त्याच्या ट्रकात गाडीला जागा नव्हती. कार्ड ठरल्या दिवशी पडावं म्हणून मी ते त्याच्याकडे दिलं. कार्बोरेटर साफ करून तासाभरात मागोमाग निघणार होतो. अर्ध्या तासात पुन्हा वादळ सुरू झालं.

म्हातारा हसला, “बाबूजी, चिठ्ठी तो पहुँच जाएगी, आप यहीं बैठे हो!”

मला हसू आलं नाही. इथे माझं काही झालं, तर घरचे मला जैसलमेरमध्ये शोधणार होते. असे आणखी दोन दिवस गेले.

घरी परतलो तेव्हा बायको कार्ड दाखवत म्हणाली, “अहो, हवा छान होती, मग ओठ असे कसे फुटले?”

“उन्हानं,” मी म्हटलं.

दर जानेवारीत नव्या वहीत कामांची यादी करतो. ‘हिला खरं सांगणे’ हे त्यात अजून बाकी आहे.