मामाची सही, बहिणीचा हिस्सा

सख्ख्या भावाने बहिणीला फसवले आणि त्यासाठी सख्ख्या मामाची सही वापरली. ती घटना आजही आठवते आणि आजही माझे डोके तापते.

नाशिकजवळच्या गावातली एक बाई सातबाऱ्याचा उतारा घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आली. वडिलांच्या गुलाबाच्या मळ्यावरून तिचे नाव गेले होते. तिने हिस्सा भावाला सोडल्याचे हक्कसोडपत्र नोंदवले होते. आपण नोंदणी कार्यालयात गेलोच नाही, असे ती म्हणत होती. पहिला संशय मी तिच्यावरच घेतला. जमिनीचा भाव वाढला की पुष्कळांना आपली सही ओळखू येत नाही.

कागदावर ओळख पटवणारा साक्षीदार होता तिचा मामा. त्याला बोलावले.

"सही करणारी तुमचीच भाची?"

"हो साहेब, तीच हाय. तुम्ही सांगाल तिथं लिहून देतो."

मी पंचवटीच्या बाजारात आईच्या टोपलीशेजारी बसून भाव करायला शिकलो. पहिल्याच बोलीला हो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. अंगठ्याचे ठसे तपासणीला पाठवले आणि नोंदणी कार्यालयातले चित्रण मागवले. त्यात तोंडाला मास्क, डोक्यावर पदर घेतलेली बाई आली, तेव्हा मामा खुर्चीवरून हललाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा ठाण्यातल्या बाकावर बसलेला असताना मी तक्रारदार बाईला आत बोलावले. म्हातारा झटकन उठला, चपला काढल्या आणि तिच्या पायाशी वाकला. त्यांच्यात मामा भाचीच्या पाया पडतो.

"बाबा, त्या दिवशी का नाही पडलात पाया?"

तो पुन्हा बाकावर बसला. "माझ्या छातीच्या ऑपरेशनचा खर्च भाच्यानं केला, साहेब. त्याला नाय कसं म्हणू?"

"आणि लग्नात माझ्या पाठीशी कोण उभं होतं, मामा?" बाईने विचारले.

तोतया बाई भावाची मेहुणी निघाली. ठसे बहिणीचे नाहीत, असा अहवालही आला. भावाला अटक झाली. आरोपपत्राची तयारी चालू असताना बहीण पुन्हा आली.

"साहेब, मिटवलं आम्ही. आता खरी सही दिली. माहेर तुटायला नको."

मी टेबलावर हात आपटला. "ताई, कशाच्या बदल्यात?"

"दिवाळीला नेतो म्हणलाय."

पुढे वरच्या कोर्टात संमतीने गुन्हा रद्द झाला. माझी मेहनत गेली, त्याचा राग आहेच. पण एक शिकलो: उपकाराखाली दबलेला माणूस परतफेड बहुतेक दुसऱ्याच्या वाट्यातून करतो.

परवा ती बाजारात भेटली. दोन दिवाळ्या झाल्या, भावाचा साधा फोन नाही. हिस्सा सोडून तिने शब्द पाळला. त्याच्या शब्दाचे काय झाले? हे वाचत असेल तर याचे उत्तर त्याने तिच्या दारात उभे राहून द्यावे.