हात लावून दाखवा

बाईंचा रेडिओ संध्याकाळपर्यंत बंद झाला नाही, म्हणून आम्हाला कळलं.

घाटकोपरच्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. म्युनिसिपालटीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे रेडिओ इतका मोठा लावायच्या की दोन मजले खाली आम्हाला बातम्यांसाठी आमचा रेडिओ लावावा लागायचा नाही. जिन्यात कुणी पोरगं ‘मी गेलतो’ म्हणालं की वरून ओरडायच्या, “गेलतो नाही, गेलो होतो!” मला बारावीला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं, आणि निकालाच्या दिवशी माझ्या आधी त्याच रडल्या होत्या.

दुपारचं जेवण झालं की त्या रेडिओ बंद करून आडव्या व्हायच्या. त्या दिवशी तो चालूच राहिला. शेवटी त्यांच्या समोरच्या शेजारणीने जाऊन दार ढकललं. दाराला आतून कडी नव्हती. बाई पलंगाशेजारी जमिनीवर पडलेल्या होत्या, गळ्याभोवती त्यांच्याच लुगड्याचा पदर आवळलेला, आणि हातातल्या सोन्याच्या पाटल्या गेलेल्या.

पोलीस आले, घरोघर विचारायला लागले, तेव्हा मला तो माणूस आठवला. ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा होता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याच दिवशी दुपारी वारा यावा म्हणून आमचं दार उघडं होतं आणि मी दारातच तांदूळ निवडत बसले होते. वरून एक माणूस उतरला, खांद्याला कापडी पिशवी, आणि म्हणाला, “ताई, थोडं पाणी मिळेल?” मी तांब्या आणि भांडं आणून दिलं. त्याने भांडं दोन्ही हातांनी धरलं. त्याचे हात मनगटापर्यंत ओले होते. मला वाटलं, हा आत्ताच कुठेतरी हात धुऊन आलाय, मग पाणी तिथेच का नाही प्यायला? एवढंच मनात आलं आणि गेलं. तो पाणी पिऊन खाली उतरला.

हे मी फौजदारांना सांगितलं तेव्हा आई माझ्यामागे उभी होती. ते जबाब लिहून गेल्यावर तिने दार लावलं आणि माझ्यावर ओरडली, “तुका कोणी सांगितल्यान पाणी देवक? आणि दिलंस तर दिलंस, ह्यांका कशाक सांगलंस?”

तिचं ओरडणं मला तेव्हा दुष्टपणाचं वाटलं. ती फक्त माझ्यापेक्षा आधी घाबरली होती.

दुसऱ्या दिवसापासून आमचं दार उघडं राहिलं नाही. वडिलांनी साखळी बसवून घेतली. मी कॉलेजला जायची ते बंद झालं; परीक्षेला तेवढं वडील सुट्टी टाकून सोडायला आणि आणायला आले. टायपिंगचा क्लास सुटला. मैत्रिणी यायच्या, पण आई त्यांना दारातूनच वाटेला लावायची. उन्हाळ्यात बंद घरात आम्ही तिघं बसून असायचो. खिडकीत उभी राहिले तरी आई म्हणायची, “आत ये गो, कोण बघता काय माहीत.” इमारतीतले लोक जिन्यात मला बघून बोलणं थांबवायचे. मी काहीही केलं नव्हतं, एक भांडं पाणी दिलं होतं.

बऱ्याच आठवड्यांनी एक हवालदार बोलवायला आला. वडील सोबत आले. फौजदारांनी आम्हाला चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते. बाईंच्या खुनाचा त्यांना खरोखर राग होता. आपल्या आईच्या वयाची बाई होती, असं ते वारंवार म्हणायचे. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, “ताई, जरा इकडे या.” आणि मला बाजूच्या खोलीच्या दाराशी नेलं. आत जमिनीवर एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शिपायाने त्याच्या हनुवटीखाली हात घालून त्याचं तोंड वर केलं.

“हाच ना?”

मी बघितलं. तसाच वाटला. सावळा, उभट चेहरा, गालफडं बसलेली. “हो,” मी म्हणाले.

“बघा, मला माहीतच होतं,” ते वडिलांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, “आता काही दिवसांनी ओळख परेड होईल. तिथे त्याला ओळखायचं. आज इथे बघितलं हे मात्र कोणाला बोलायचं नाही, हां? उगाच वकील लोक फाटे फोडतात.”

घरी येताना मी वडिलांना विचारलं, “मग आजच ओळखला ना, परत परेड कशाला?” ते म्हणाले, “सांगतील तसं कर आणि मोकळी हो.”

परेडच्या दिवशी एका मोठ्या खोलीत सारखी दिसणारी माणसं एका रांगेत उभी होती. पोलीस बाहेर. आत फक्त एक दंडाधिकारी आणि दोन पंच. दंडाधिकारी वयस्क गृहस्थ होते, अगदी शाळा तपासायला आल्यासारखे कपडे केलेले. म्हणाले, “घाबरू नका. त्या दिवशी बघितलेला माणूस यात असेल तर हात लावून दाखवा.”

हात लावायचा असतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, लांबून बोट दाखवायचं. मी रांगेपुढून चालत गेले. त्याच्यापाशी आले तेव्हा त्याने मान खाली घातली नाही, उलट माझ्याकडेच बघत राहिला. मी त्याच्या खांद्याला बोट लावलं. शर्ट घामाने ओला होता. तो अगदी हळू म्हणाला, “बहेन, मेरे को कायको फसाती?”

ते बोट मी कितीतरी वेळ पदराला पुसत होते.

त्यानंतर मोकळी होईन असं वाटलं होतं, पण केस उभीच राहिली नाही. वर्ष गेलं. तो जामिनावर सुटल्याची बातमी खालच्या वाण्याकडून कळली आणि आईने खिडक्यांनाही पडदे शिवले. स्थळं यायची, चौकशीत ‘मुलीला कोर्टात जायचंय’ असं कुणीतरी सांगायचं आणि पुढे निरोप यायचा नाही. शेवटी मुलुंडचं एक स्थळ आलं. वडील मला म्हणाले, “ह्यांना आपण काही बोलायचं नाही. झालं ते झालं.” मी तेव्हाही गप्प बसले. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी समन्स घेऊन पोलीस मुलुंडच्या दारात उभा राहिला. हातातलं लाटणं ठेवायची सासूबाईंची घाई मला अजून आठवते. “पोलीस? आमच्याकडे? कोणासाठी?” मी सगळं सांगितलं. नवरा शांतपणे ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “अगं, पण मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर लग्न केलं असतं का तुम्ही?”

तो समन्सवरची तारीख बघून म्हणाला, “चल, मी येतो कोर्टात.”

तारखेच्या आदल्या आठवड्यात फौजदार घरी येऊन गेले. केस पांढरे झाले होते त्यांचे. म्हणाले, “ताई, सोनार फिरलाय. पाटल्या ह्यानेच विकल्या म्हणून सांगणार होता, आता म्हणतो आठवत नाही. आता तुम्हीच आहात. फक्त तुम्ही.” आणि दारात चपला घालताना, “ते पोलीस स्टेशनचं लक्षात आहे ना? नाही बघितला.”

ते गेल्यावर मी डोळे मिटून दारातला तो माणूस आठवायचा प्रयत्न केला. पिशवी आठवली. ओले हात आठवले. आवाजही आठवला. चेहरा आठवायला गेले की शिपायाने हनुवटी धरून वर केलेला चेहराच समोर यायचा. दारातल्या माणसाच्या धडावर तोच बसलेला. त्याच्याखाली पहिला चेहरा होता की नाही, मला दिसेचना. तोच असेलही. पण आता मला कोणाला विचारता येणार होतं?

नवऱ्याला म्हटलं, “खरं बोलले तर बाईंना मारणारा सुटेल. खोटं बोलले आणि हा तो नसला तर?”

तो म्हणाला, “तू काय बोलायचं ते मी कसं सांगू?”

फोर्टला सेशन कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं तोवर सगळं सोपं होतं. पाणी, पिशवी, हात, परेड. मग आरोपीचे वकील उठले. तरुणच होते, आवाज मऊ.

“परेडच्या आधी तुम्ही आरोपीला कधी पाहिलं होतं?”

“आमच्या दारात. पाणी दिलं तेव्हा.”

“त्याच्यानंतर, परेडच्या आधी?”

फौजदार मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी बाईंची धाकटी बहीण. बहिणीचं नाक अगदी बाईंसारखं होतं. मी तिच्याकडे बघायला नको होतं.

“पोलीस स्टेशनात,” मी म्हणाले.

वकिलांनाही हे अपेक्षित नसावं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “कोणी दाखवला?”

मी सांगितलं. हनुवटीसकट सांगितलं. न्यायाधीश ते इंग्रजीत टायपिस्टला सांगत गेले आणि माझं वाक्य मशीनवर खडखडत उतरत गेलं.

“मग आज शपथेवर सांगा,” वकील म्हणाले, “पाणी प्यायला आलेला माणूस हाच आहे?”

“हाच असावा.”

“असावा की आहे?”

“आता मला सांगता येत नाही.”

तो आरोपीच्या जागेवर बसला होता. जाड झाला होता, केस विरळ. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी तो संशयाचा फायदा मिळून सुटला. फौजदार माझ्या साक्षीनंतर मला एकदाच दिसले, त्याच दिवशी, कोर्टाच्या जिन्यात. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, “माझीच चूक झाली, ताई,” आणि भराभर खाली उतरले.

बाईंची बहीण मात्र मुलुंडला घरी आली. पत्ता तिने माझ्या आईकडून घेतला होता. मी पाणी विचारलं तर नको म्हणाली. बराच वेळ माझ्या मुलीकडे बघत बसली.

“तू खोटं बोलली असतीस ना,” ती म्हणाली, “तर मला बरं वाटलं असतं.”

“मला माहीत आहे.”

“ताई असती तर तुला शाबासकी दिली असती. तसलीच होती ती.” मग ती रडायला लागली, आणि मी काही म्हणायच्या आत रागाने म्हणाली, “पण ती नाहीये ना! मी आहे. मला काय करायचीय तुझी शाबासकी?”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. जाताना म्हणाली, ताईचं घर विकून टाकतेय, परत घाटकोपरला जायचं नाही.

ती गेल्यावर सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “संपलं ना एकदाचं?”

मी हो म्हटलं. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. त्या खुनासाठी पुढे कोणाला पकडलं नाही. कोणी शोधतही नव्हतं. बाजारात, बँकेत, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी एखादा सावळा, उभट चेहऱ्याचा माणूस दिसला की मी थांबते. माझ्याशी कुणी बोलत असेल तर ते बोलत राहतं आणि मी त्या अनोळखी माणसाचे हात बघत असते.