फुंका बाई

आमच्या ताईला तिच्या कामाच्या वस्त्यांमध्ये 'फुंका बाई' म्हणत. हातात मावेल एवढं एक मशीन घेऊन ती दारोदार जायची. त्याला नवी कागदी नळी लावायची, समोरच्याला पंधरा सेकंद श्वास धरून ठेवायला सांगायची आणि मग म्हणायची, "हं, आता फुंका." मशीनवर आकडा उमटायचा. आकडा सहाच्या आत असला तर माणूस सिगारेट ओढत नाही, दहाच्या वर गेला तर ओढतो, आणि मधला निघाला तर ताई दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात. लोकांची सिगारेट कशी सुटते आणि सुटत नाही तर का सुटत नाही, यावर तिनं तेहतीस वर्षं संशोधन केलं. मी तिची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

तिनं हेच काम का घेतलं असं लोक विचारतात, आणि विचारतानाच चेहरा पाडून ठेवतात. त्यांना वाटतं, घरात कोणीतरी गेलं असणार. कोणी गेलं नव्हतं. आमच्या वडिलांनी जन्मात विडीला हात लावला नाही. ताई शिकून बाहेर पडली तेव्हा एका संशोधन संस्थेत दोन जागा होत्या, एक डासांची आणि एक सिगारेटची. डासांची जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली.

हे काम माणसाला दमवतं. शंभर जण आज सोडतो म्हणाले, तर वर्षाच्या शेवटी सुटलेली असते सातांची. ताईनं जीव तोडून समजावलं, दर आठवड्याला फोन केले, गोळ्या दिल्या, तर ते सात दहा व्हायचे. म्हणजे तिची सगळी कमाई तीन माणसं. आणि जो सापडायचा नाही, फोन उचलायचा नाही, घर बदलून गेलेला असायचा, तो ओढतोय असंच धरायचं, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हटलं, "अगं, बिचारा गावाला गेला असेल." ती म्हणाली, "गेला असेल. पण मी त्याला सोडलेल्यांत धरलं तर माझा निकाल गोड होतो. गोड निकाल मला नको." तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला होता. पुढे याच सवयीनं घरात काय करून ठेवलं ते सांगते.

आमचा दादा आम्हा दोघींहून मोठा. तो बेकरीत भट्टीवर होता. मोठी लाकडाची भट्टी, तोंड कमरेएवढ्या उंचीवर, आणि लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सारायचे, भाजले की ओढून काढायचे. पहाटे जायचा, दुपारी जेवायला घरी. दिवसाला दीड पाकीट सिगारेट. ताईनं त्याला कधी उपदेश केला नाही. म्हणायची, घरचं गिऱ्हाईक घ्यायचं नाही.

मग एका रविवारी दादा, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची चिमी आमच्याकडे जेवायला आले. दादा भट्टीवरून परस्परच आला होता, कपाळाला पीठ तसंच. जेवण संपेपर्यंत त्याला धीर धरवेना. म्हणाला, "बाई, एक्केचाळीस दिवस झाले." ताईला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा, कारण ती चौथीत असल्यापासून सगळ्यांना शिकवत असे.

"कसले?" ताईनं विचारलं.

"ओढली नाही त्याला."

वहिनी मान खाली घालून हसत होती. चिमीनं सांगितलं की ती रोज कॅलेंडरवर फुली मारते. ताईला इतका आनंद झालेला मी ना आधी पाहिला ना नंतर. ती उठली, उष्ट्या हातानं उठली, आणि आतून मशीन घेऊन आली. ते संस्थेत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि तिला त्याचं कोण कौतुक. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर वहिनी म्हणायची की तिनं नवऱ्याची झडती घेतली. झडती नव्हती ती. शाळेतल्या पोराची पाटी सगळ्यांना दाखवावी तसं तिला दादाचा आकडा सगळ्यांना दाखवायचा होता.

दादानं छाती फुगवून श्वास धरला. चिमीनं मोठ्यानं पंधरा मोजले. त्यानं फुंकलं. आकडा आला एकोणीस.

ताईनं नळी बदलून परत फुंकायला लावलं. परत एकोणीस. मग तिचा आवाज बदलला. तो तिचा वस्तीतला आवाज होता, शांत, न रागावणारा. तो आवाज ऐकला की मला आजही चीड येते.

"दादा, आज सकाळपासून किती?"

"एक पण नाही."

"मी रागावत नाहीये. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांचंच होतं. किती ते फक्त सांग."

"बाई, एक पण नाही ओढली."

"माणूस विसरतो, दादा. मशीन विसरत नाही."

चिमीनं बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही खोटं बोलत होता?" दादानं ताट बाजूला सारलं, हात धुतले, चपला घातल्या, चिमीचं बोट धरलं आणि निघाला. वहिनी अर्ध्या जेवणावरून मागे गेली. ताई मला म्हणाली, "पकडला गेला की राग येतोच. येईल चार दिवसांत."

चार दिवसांची अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी घरातलं पोस्ट खातं होते. ताईला सांग, आईचं श्राद्ध आमच्याकडे आहे. दादाला सांग, जमणार नाही. दादा परत ओढायला लागला होता, आता लपवतही नव्हता. चिमी मोठी होत गेली तशी बापापासून तुटत गेली. आठवी-नववीत ती त्याचे खिसे तपासायची, आणखी काय लपवतोय म्हणून. त्यानं शाळेच्या फीबद्दल काही सांगितलं, तब्येतीबद्दल सांगितलं, की आधी आईला विचारून खात्री करून घ्यायची. एकदा माझ्यासमोर ती त्याला म्हणाली, "तुमचं काही खरं नसतं, बाबा." दादानं उत्तर दिलं नाही. मला त्याचाच राग आला, की हा गप्प का बसतो. आणि हो, मीही मशीनवर विश्वास ठेवला होता, ते कशाला लपवू.

अकराव्या वर्षी ताईकडे एक नवं काम आलं. बेकरी कामगारांमधली सिगारेट. साठ माणसं निवडली. सहा महिन्यांनी त्यांतले बावीस जण म्हणाले, सोडली. फुंकायला लावलं तर पंधरा जणांचा आकडा दहाच्या वर. ताईच्या हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळे एकजात खोटारडे." पण त्या खेपेला थुंकीचीही तपासणी होती, आणि त्या तपासणीत तंबाखूचा अंश दिसतो, दुसरं काही नाही. पंधराच्या पंधरा जणांची थुंकी स्वच्छ निघाली. पंधराही जण लाकडाच्या भट्टीवर होते. मशीन मोजायचं ते श्वासातला धुराचा वायू. धूर सिगारेटचा की लाकडाचा, ते त्या बापड्याला कुठून कळणार.

त्या संध्याकाळी ताई घरी आली आणि चपला न काढता खुर्चीत बसून राहिली. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "त्या रविवारी दादा भट्टीवरून आला होता ना?"

"मग कुठून येणार? पीठ होतं कपाळाला."

"हो. पीठ होतं."

चहा ती प्यायली नाही. मला वाटलं, उद्या सकाळी उठून जाईल. गेली नाही. आधी म्हणाली, निकाल पक्का होऊ दे, अजून माणसं तपासते. मग म्हणाली, छापून येऊ दे, हातात कागद असला की बोलता येतं. शेवटी छापून आलं. तिनं आयुष्यात लिहिलेल्यांत सगळ्यात गाजलेला निबंध तोच. लांबलांबच्या लोकांची पत्रं आली, सभेत टाळ्या झाल्या. मी तिच्याकडून तो समजून घेतला. शेवटी एक वाक्य होतं, की अशा कामगारांना खोटं ठरवलं जाण्याची शक्यता असते.

"शक्यता?" मी म्हटलं. "शक्यता असते? तू ठरवलंस ना?"

"लिहिताना तसंच लिहितात," ती म्हणाली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मीही दादाकडे जाऊन काही सांगितलं नाही. म्हटलं, हिचं हिनं निस्तरावं. अशी त्यात आणखी चार वर्षं गेली. ती निवृत्त झाली, गुडघे गेले, आणि तोंडात एकच, जाऊ या एकदा, जाऊ या.

मग वहिनीचा फोन आला. दादाची फुप्फुसं कामातून गेली होती. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं होतं, आणि डॉक्टर आता महिन्यांच्या हिशेबात बोलत होते. मी ताईला फोनवरचं सगळं सांगितलं. तिनं कपाट उघडलं आणि निबंधाची फाईल पिशवीत घातली. मी म्हटलं, "ती कशाला?" ती म्हणाली, "असू दे."

दुपारी तीनला आम्ही पोचलो. दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकात नळी. जिना चढून आल्यामुळे ताईलाही दम लागला होता, त्यामुळे पहिली दोन मिनिटं दोघं नुसतीच धापा टाकत एकमेकांकडे बघत होती. मग ताईनं फाईल उघडली. माफी मागायची सोडून ती तक्ता दाखवायला लागली. हे भट्टीवरचे, हे बाहेरचे, हा श्वासातला आकडा, हा थुंकीतला. मला तिच्या हातून तो कागद ओढून घ्यावासा वाटत होता.

"म्हणजे काय, बाई?" शेवटी दादानं विचारलं.

"म्हणजे तू खरं बोलत होतास."

"ते मला माहीत होतं."

ताई रडायला लागली. माझी ताई रडली की नाक आधी लाल होतं, लहानपणापासून. दादानं तिला रडू दिलं. मग तिनं विचारलं, "परत कधी सुरू केलीस?"

"त्याच दिवशी. तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर." मध्ये थांबून त्यानं दोनदा श्वास घेतला. "म्हटलं, नाव तर लागलंच आहे."

"दादा, चुकलं माझं. पंधरा वर्षं चुकलं."

"असू दे गं. मला नको सांगूस," तो म्हणाला. "चिमी येईल पाचला. तिला सांग."

दोन तास आम्ही बसलो. वहिनीनं चहा केला, पण ताईशी ती अवाक्षर बोलली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाच वाजून गेल्यावर चिमी कामावरून आली. बावीस वर्षांची, खांद्याला बॅग, चेहरा दमलेला. ताईला बघून ती दारातच थबकली. ताई उठून उभी राहिली. फाईल खुर्चीवर राहिली, या खेपेला तिला तक्ता सुचला नाही.

"चिमे, तू सात वर्षांची होतीस त्या रविवारी तुझे बाबा खोटं बोलले नव्हते," ताई म्हणाली. "त्यांनी सोडली होती. मशीननं भट्टीचा धूर मोजला, आणि मी त्यांना खोटं पाडलं. तुझ्यादेखत पाडलं. चूक माझी होती."

चिमीनं बॅग खाली ठेवली. आत्याकडे पाहिलं, मग बराच वेळ बापाकडे.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही, बाबा?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं?"

दादानं नाकातली नळी नीट केली. बोलायला लागणारा श्वास गोळा करायला त्याला वेळ लागला.

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "त्याच दिवशी, घरी जाताना. दोनदा सांगितलं होतं."