दोराचं खालचं टोक

माझ्या ताईचा राग नाकावर नसतो, थेट हातात असतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने भावजींवर पातेलं फेकलं. त्याची खूण त्यांच्या भुवईवर अजून आहे. भावजीही काही गोगलगाय नाहीत. त्यांनी एकदा भांडणात स्वयंपाकघराचं दार बिजागरीसकट उखडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बसवलं. त्या घरात काचेचा एक ग्लास सापडणार नाही, सगळा कारभार स्टीलचा. आई म्हणायची, दोघांची वेगवेगळी लग्नं झाली असती तर दोन घरं बिघडली असती, तेवढं एक वाचलं.

पण या दोघांचा धंदा असा, की रोज सकाळी एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात. भावजी झाडावर चढून वाळलेल्या, किडलेल्या फांद्या उतरवतात. कमरेला रुंद पट्टा, त्यात अडकवलेला दोर आणि बाजूला लोंबणारी साखळीची करवत. ताई खाली दोर सांभाळते. मी कापलेली लाकडं ओढून रचतो आणि दोघांच्या शिव्या खातो.

भावजींचा दोर वरच्या बेचक्यातून फिरून खाली येतो आणि बुंध्याला बांधलेला असतो. हा ताईचा हट्ट. वर माणूस बेशुद्ध पडला तर खालूनच त्याला उतरवता यावं म्हणून. दुसरा दोर फांदीचा. कापण्याआधी फांदी त्याला बांधायची, तो वरच्या कप्पीतून खाली येतो, ताई बुंध्याला वेढे देऊन त्याचं टोक धरते. फांदी तुटली की सगळा भार तिच्या हातावर.

आणि एक नियम. घरात काहीही होवो, भांडण दोराला शिवायचं नाही. सकाळी ताईने भावजींचे बूट खिडकीतून रस्त्यावर फेकलेले मी पाहिलेत. ते बूट गोळा करून, तेच घालून, तासाभरात भावजी तिच्या भरवशावर झाडाच्या शेंड्याला. वर जाताना ते कधी खाली बघत नाहीत. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "तिची वाटते ना. पण घरात."

त्या दिवशी काम होतं एका फर्निचरच्या दुकानासमोरच्या शिरीषाचं. नगरपालिकेने एकच वाळलेली फांदी उतरवायला सांगितलं होतं. दुकानदाराला मात्र ते झाडच नको होतं, त्याने दुकानाची पाटी झाकली जायची. लाकडावर पोट भरणारा माणूस झाडाच्याच मुळावर उठला होता. भावजींनी बुंध्याशी वाकून पाहिलं. मातीलगत बोटभर रुंदीची भोकं पाडलेली, आत अ‍ॅसिड. साल काळी पडून रडत होती.

दुकानदार म्हणाला, "तसंही मरतंय ना? मग पूर्णच काढून टाका."

भावजींनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो दुकानाबाहेर मांडलेल्या स्वतःच्याच सोफ्यावर जाऊन पडला. "मरत नाहीये. तू मारतोयस," ते म्हणाले. मग भोकं पाण्याने धुतली आणि चढले.

मला वाटलं, विषय संपला. पण नव्हता संपला. दुकानदाराने सोफ्यावरूनच फोन करून भाच्याला बोलावलं. फांदी कापून झाली, कडकड करत तुटली आणि कप्पीवर झुलत बुंध्याजवळ येऊन थांबली. दोन माणसांच्या वजनाची असेल. भावजींनी कापताना खोडाभोवती अडकवलेला छोटा पट्टा सोडला होता, आता ते फक्त बुंध्याला बांधलेल्या दोरावर होते. तेवढ्यात भाच्याने मला गाठलं. पहिल्याच बुक्कीत माझं नाक फुटलं, दुसरीत मी लाकडांच्या ढिगावर आडवा. तो माझ्या छातीवर बसला. आणि दुकानदार आमचीच कुऱ्हाड उचलून बुंध्याच्या पलीकडे गेला.

त्याला झाड तोडायचं नव्हतं. भावजींचा बांधलेला दोर तोडायचा होता.

पहिला घाव सालीवर बसला. ताईला दिसत होतं. ती तीन पावलांवर होती, पण हातात फांदीचा दोर. तो सोडल्याशिवाय तिला हलता येईना, आणि सोडला तर फांदी सरळ दुकानदाराच्या डोक्यावर. तिला फक्त बोटं उघडायची होती. मी खाली पडल्या पडल्या ओरडलो, "सोड ताई, सोड." खरं सांगतो, त्याचा चेंदा झालेला बघायला मला त्या क्षणी आवडलं असतं.

तिने सोडला नाही. वर बघून ओरडली, "पट्टा लाव. पटकन लाव." मग दुकानदाराला म्हणाली, "फांदी तुझ्या डोक्यावर आहे. बाजूला हो."

त्याने दुसरा घाव घातला. दोर तुटला.

भावजींचा हुक त्याच क्षणी लागला असावा. ते पुरुषभर खाली आले आणि तोंडावर खोडाला आपटले. हाडाचा आवाज मी ऐकला. दोन दात आणि रक्त दुकानदाराच्या शर्टावर पडलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली. वर रक्ताळलेला माणूस लोंबत होता आणि त्याच्या खाली, दुकानदाराच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, फांदी.

"आता हल," ताई म्हणाली.

तो रांगत बाजूला झाला. ताईने वीतवीत दोर सोडत फांदी जमिनीला टेकवली. घाई केली नाही. दोर बांधला, हातमोजे काढले. तळहाताची कातडी मोज्याबरोबर निघाली होती. मग तिने डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. हाणतच राहिली. हेल्मेटला तडा गेला, त्याचा जबडा निखळला, भाचा मला सोडून पळाला. शेवटी मीच तिला कमरेला धरून ओढलं, तेव्हा तिचं कोपर लागून माझं नाक दुसऱ्यांदा फुटलं.

भावजींना अग्निशमनवाल्यांनी उतरवलं. तीन बरगड्या, एक खांदा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी नाही मागितलं, ताईकडे बघत राहिले. डोळ्यांत राग होता.

"मी मेलो असतो," ते म्हणाले. "त्याच्यासाठी धरून ठेवलास दोर?"

ताईच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "त्याच्यासाठी नाही. मी रागात एकदा सोडला असता, तर तू पुन्हा चढताना माझ्या हातांकडे बघत चढला असतास."

 त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आठवडाभर त्या घरात एकही वस्तू फेकली गेली नाही, आणि मला ते त्यांच्या भांडणापेक्षा भयंकर वाटलं.

खांदा बरा झाल्यावर पहिलं काम त्याच शिरीषाचं निघालं, तुटका खुंट साफ करायचं. झाडाला नवी पालवी आली होती. सकाळी घरात जोरदार वाजलं होतं. चहा भिंतीवर, बूट रस्त्यावर. भावजींनी बूट गोळा केले. झाडाखाली आल्यावर ताईने नवा दोर बुंध्याला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि टोक हातात घेतलं. तिच्या तळहातांवरची कातडी अजून गुलाबी होती.

भावजी शेंड्यापर्यंत गेले. एकदाही खाली बघितलं नाही.