नागावचे गळके छप्पर

मुंबईच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तशी मी दोन्ही हातांनी कठडा धरला. साताऱ्याचा माणूस मी. पाणी पाहायचे ते विहिरीत, तेही कठड्याला धरून. पण चौलची जुनी देवळे पाहण्याची हौस फार वर्षांची, आणि हौसेला मोल नसते म्हणतात. दिवाळी नुकतीच सरली होती. रेवसला उतरलो, टांगा केला आणि अलिबाग मागे पडेपर्यंत सगळे झकास चालले होते.

नागावात रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाऊ लागला. वारा असा नव्हताच, एक झावळी हलेना. समुद्राच्या बाजूला आकाश तांबूस झाले होते. मला ते फार सुंदर वाटले. टांगेवाल्याने मात्र घोडा थांबवला.

"आता फुडं न्हाय, मास्तर. दर्या गाजतोय."

मी चिडलो, हुज्जत घातली. त्याने माझी वळकटी सरळ एका वाडीच्या दारात नेऊन ठेवली आणि घोडा माघारी वळवला.

असा मी धाकू माळ्याचा पाहुणा झालो. धाकू पन्नाशीचा, काटक, बोलायला कंजूष. घरात त्याची एकुलती लेक यमुना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस अगदी भरत आलेले. तिच्यासाठी काशीआत्या नावाची म्हातारी सुईण येऊन राहिली होती. मला कोणी का आलात म्हणून विचारले नाही. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे पुढे आले. मी जेवत होतो तेव्हा धाकू छपराचे वासे काथ्याच्या दोराने जमिनीतल्या खुंटांना बांधत होता.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्याचे वर्णन मी काय करणार? डोक्यावर पाट धरून बसलो होतो आणि डोळे मिटलेले होते. बाहेर माड कडाकडा मोडत होते. मग छपराचे झाप (विणलेल्या झावळ्या) एकेक करून उडाले, आणि आम्ही घरात असून पावसात बसलो. ओठांवर खारे पाणी येत होते. मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो. त्यात लपवायचे काय?

सकाळी वारा पडला. आळीत एकही छप्पर धड नव्हते. आकाश पुन्हा भरून येत होते, आणि नेमक्या त्याच वेळी यमुनेला कळा सुरू झाल्या. काशीआत्याने तिला एका कोपऱ्यात निजवले, वर फाटके शीड ताणले आणि पुढे लुगड्याचा पडदा धरला. धाकूने शिडी उचलून भिंतीला लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तसाच उभा राहिला.

काशीआत्या पाणी तापवायला बाहेर आली होती. "हे असे का थांबले?" धाकूकडे बोट करून मी तिला विचारले.

"हितली रीत हाय. वादळ झालं का आपलं छप्पर आपन शाकारायचं न्हाय. आपन शेजाऱ्याचं शाकारायचं, शेजारी आपलं शाकारतो."

मग आवाज उतरवून तिने बाकीचे सांगितले. मागच्या वादळात धाकूची बायको तापाने फणफणली होती, म्हणून तो आधी स्वतःच्याच छपरावर चढला. तिकडे शेजारच्या रामाचे वर्षाचे भात भिजून कुजले. बायको काही वाचली नाही, आणि तेव्हापासून रामाने याचे तोंड पाहिले नाही. आळीतलेही कोणी या अंगणात फिरकत नव्हते.

"मग आता कोण येणार?"

"कोन जानं."

पडद्याआडून यमुनेचा आवाज आला, कळ दाबत बोललेला. "बाबा, तुमी जा. रामाकाकाचं आदी करा."

धाकूने शिडी खांद्यावर घेतली आणि कुंपणापलीकडे गेला.

माझे डोकेच फिरले. लेक आत तळमळते आहे, वरून पाऊस येऊ घातला आहे, आणि हा बाप वैऱ्याचे घर शाकारायला निघाला. "हा कसला धर्म, आत्याबाई?" मी म्हणालो. तिने पडद्याबाहेर शिडाचे एक टोक माझ्या हातात दिले.

"बोलू नका, पावनं. धरा."

धरले. हात भरून आले तरी सोडले नाही.

उघड्या दारातून कुंपणापलीकडचे सगळे दिसत होते. रामा आपल्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता. धाकू त्याच्याकडे न पाहता वर चढला आणि झाप बांधू लागला. रामाने कमरेवरचे हात काढले. मग त्याने खालून एक झाप वर दिला. मग दुसरा. मग तो घरात गेला, आपली शिडी घेऊन बाहेर आला, आणि ती आमच्या भिंतीला लागली. त्याला पाहून आळीतले इतरही आले. पडलेल्या माडांच्या झावळ्या ओढून आणून बायका अंगणातच विणायला बसल्या. पावसाची सर आली तेव्हा यमुनेच्या डोक्यावर छप्पर होते. मुलगी झाली. मी शिडाचे टोक सोडले, बाहेर आलो आणि एका आडव्या माडावर बसून रडलो.

चौलची देवळे राहिलीच. रस्त्यात माड आडवे पडलेले. ते उचलले जाईपर्यंत मी धाकूकडेच होतो. एकदा भुरभुर पाऊस आला, तर एका कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले. धाकूने खाली मडके ठेवले.

"एक झाप सरकवलात तर भागेल," मी म्हटले.

"तो कोपरा रामानं केलाय."

"म्हणून काय झाले?"

"त्याला दिसंल. येईल."

मी निघालो त्या सकाळी रामा शिडी घेऊन आला. ती भिंतीला टेकवली आणि आधी ओटीवर बसला. काशीआत्याने पोर त्याच्या मांडीवर दिली. माझा टांगा वळणापाशी गेला तरी शिडी भिंतीला तशीच होती.

साताऱ्याला परत आलो. आमचे घर कौलारू, पक्के. पावसाळ्यात एक थेंब आत येत नाही, याचा मला कोण अभिमान. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे, पण त्यांच्या माजघराचा रंग कोणता, ते मला ठाऊक नाही.

बायकोने पाय धुवायला पाणी दिले आणि विचारले, "मग, देवळे कशी होती?"

"एकच पाहिले," मी म्हटले, "आणि तेही गळत होते."