चोरीला न जाणाऱ्या गाडीला मी घातलेली साखळी

मंडळी, आज माझ्या हातून फार वाईट झालं.

मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हाच तो म्हणाला होता, "आबा, ही कुणी पळवली तरी कुठे आहे ते फोनवर दिसतं. निवांत झोपा." मला काही ते पटलं नाही. रोज संध्याकाळी मी तिच्या चाकाला गावाकडची बैलाची साखळी घालतो, कुलूप लावतो आणि किल्ली नव्या जागी लपवतो.

आज सूनबाईची नोकरीची परीक्षा होती, इथून लांब सटाण्याला. दोन वर्षं अभ्यास केला होता पोरीने. सकाळी निघताना किल्लीच सापडेना. सगळं घर पालथं घातलं. मुलगा ओरडला, "आबा, गाडी कुठंय ते फोन सांगतो, तुमची किल्ली कोण सांगणार?" शेवटी वेल्डरला बोलावून साखळी कापली. ते दोघं पोहोचले तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

किल्ली दुपारी सापडली. माझ्याच खिशात, चष्म्याच्या डबीत.

सूनबाई घरी आली आणि म्हणाली, "आबा, चहा ठेवू का?" त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

सुनेची माफी कशी मागायची असते? तुमच्यापैकी कुणी मागितली आहे का?