पहिल्या होडीत बसणारा माणूस

माणसानं डूख धरू नये असं मला सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांच्या बापाला कुणी चारचौघांत भित्रा म्हटलेलं नसतं. माझ्या बापाला म्हटलं गेलं, तेही घरच्याच माणसानं, आणि मी तिथंच हातात चहाचा पेला घेऊन उभा होतो.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्यावर. धरण भरलं की पाणी आमच्या बांधापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात हटलं की गाळातून बुडालेल्या चिंचांची खोडं वर दिसू लागतात. घर शेतकऱ्याचं, पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माशांचा भारी नाद. काठावरच्या मासेमारांमध्ये ते इतके मुरले की पुढं पुढं हवा सांगायचं काम त्यांच्याकडं आलं.

हे काम बाहेरच्याला चटकन कळत नाही. आमच्याकडच्या होड्या पत्र्याच्या, उथळ, दोन-तीन माणसांच्या. त्या भर पाण्यात असताना पश्चिमेचं वारं उठलं, तर वल्ही मारून काही उपयोग नसतो. म्हणून सकाळी एक माणूस पाणी बघतो आणि ‘चला’ म्हणतो, नाहीतर ‘नाय’ म्हणतो. ‘नाय’ म्हणाला तर कुणी होडी सोडत नाही. आणि ‘चला’ म्हणाला तर पहिल्या होडीत त्यानंच बसायचं. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण मोडलेला मी पाहिला तो एकदाच.

आबा काठावरच्या एका सपाट दगडावर बसायचे. खिशात घरच्या कापसाचा पुंजका असायचा. त्यातला चिमूटभर पिंजून हवेत सोडायचे. कापूस पायाशी पडला तर बरं. एका बाजूला वाहत गेला तरी चालेल, वल्हवणाऱ्यानं अंदाज घ्यायचा. पण थोडा पुढं जाऊन माघारी फिरला तर त्या दिवशी पाण्याचं नाव काढायचं नाही, कारण दोन वारी भांडताहेत आणि दोन तासांत त्यातलं एक जिंकणार. शिवाय पाणकावळे. वारं यायचं असेल तर ते पंख वाळवत बसत नाहीत, खोडांवर माना आखडून पश्चिमेकडं तोंड करतात.

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, गावातच राहणारा, गावभर मिरवणारा. एकदा त्यानं शहरातले पाहुणे आणले, मासे पकडायची मजा दाखवायला. आबांनी कापूस सोडला, पाहिला आणि म्हणाले, ‘‘आज नाय.’’ पाहुण्यांसमोर याचं नाक कापलं गेलं. हा हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘म्हाताऱ्याला हवा कळत नाय, भीती कळती.’’ मग काठाच्या दुसऱ्या टोकाच्या एका माणसाला गाठून, त्याची होडी काढायला लावून, पाहुण्यांना घेऊन गेला. आणि त्या दिवशी वारं आलंच नाही. दुपारी हा पिशवीभर चिलापी मासे घेऊन परतला, तेव्हा काठावरचे लोक हसले. आबांकडं बघून हसले, आणि आबा माझ्याकडं बघत होते.

त्यानंतर आबा पाण्यावर गेले नाहीत. पुढच्या वर्षी वारले. डॉक्टरांनी पोटाचं दुखणं सांगितलं. मी मनात चुलतभावाचं नाव घेतलं.

मी शहरात, पुंडलिकनगरला राहतो, उस्मानपुऱ्यात एका ऑफिसात टेबलावर बसतो. पण आबा गेल्यावर दर रविवारी पहाटे एसटीनं गंगापूर आणि तिथून जीपनं गावी जायला लागलो. एक म्हातारे मासेमार होते, आबांचे जोडीदार. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनीच मला दगडावर बसवलं. ‘‘इतर दिवशी आमचं आमी बघतो. ऐतवारी तू सांगत जा. बापाचा हात हाय तुझ्यात.’’ तीन वर्षं मी हवा सांगितली. एकदाही चुकलो नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं जे झालं ते चुकून झालेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावानं नवी होडी केली. निळा रंग, पुढं झेंडू, आणि काठावर सासरची सगळी मंडळी मोबाईल धरून उभी. होडीची पहिली फेरी होती, रविवार होता. वल्ही मामांच्या हाती आणि जाळंही त्यांचंच, कारण याला होडी मिरवता येते, वल्हवता येत नाही. पोहताही येत नाही. लाइफ जॅकेट आणलं होतं, ते बूड पोळू नये म्हणून फळीवर अंथरलेलं.

मी कापूस सोडला. तो चार हात पुढं गेला, थांबला आणि माघारी फिरून माझ्या गुडघ्याला चिकटला. मी खोडांकडं पाहिलं. सगळ्या पाणकावळ्यांच्या माना आखडलेल्या.

चुलतभाऊ मोबाईल नाचवत आला. ‘‘यात तर हवा शांत दावतंय.’’

‘‘ते शहरातली हवा सांगतं,’’ मी म्हणालो.

‘‘मग तू सांग की. तुझ्या शब्दाबिगर मामा वल्हं उचलंनात.’’ आणि मग आवाज खाली आणून, ‘‘पाव्हणे आल्यात रं. नाय म्हणू नको.’’

काय गोड वाटलं मला ते! ज्या दगडावर यानं माझ्या बापाचं हसं केलं, त्याच दगडासमोर उभा राहून हा मला विनवत होता. मला ‘नाय’ म्हणता आलं असतं. पाहुण्यांसमोर पुन्हा नाक कापलं गेलं असतं. पण ते मला पुरेना. मला त्याचा भ्यालेला चेहरा बघायचा होता, अगदी जवळून. नियमानं मला पहिल्या होडीत बसावं लागणार होतं, आणि मला तेच हवं होतं. मला पोहता येतं. गुडघ्याचा कापूस मी झटकला.

‘‘चला,’’ मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं तोंड वळवलं. ‘‘नीट पाह्यलं का?’’

‘‘पाहिलं.’’

काठावर टाळ्या पडल्या. तासाभरात आम्ही भर पाण्यात होतो. मामांनी जाळं सोडून त्याचा दोर होडीला बांधला. चुलतभाऊ उभा राहून काठाकडं हात हलवत होता. मग पश्चिमेला पाण्यावर काळी पट्टी दिसली आणि बघता बघता ती आमच्यापर्यंत आली.

पहिल्या लाटेला तो खाली बसला. दुसरी होडीत शिरली. तिसरीला त्यानं माझा पाय दोन्ही हातांनी धरला. ओठ पांढरे पडलेले. ‘‘मला पव्हता येत नाय रं,’’ तो म्हणाला, जणू मला ते ठाऊक नव्हतं. लाइफ जॅकेट बुडाखालून काढायचंही त्याला सुचेना. मला बरं वाटत होतं. लपवण्यात अर्थ नाही, फार बरं वाटत होतं. वर्षानुवर्षं पाठ करून ठेवलेलं वाक्य मी त्याच्या कानाशी नेलं.

‘‘भीती कळती का आता?’’

‘‘कळती,’’ तो रडत म्हणाला. ‘‘कळती रं बाबा. मला काठावर ने.’’

एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं. मग मी मान वर केली आणि मला मामा दिसले. इतका वेळ ते मला दिसलेच नव्हते. सत्तरीचा माणूस, वल्ह्यांवर आडवा पडून होडीचं तोंड वाऱ्यावर धरून होता, आणि त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. भरलेलं जाळं होडीला मागं खेचत होतं. त्यांनी एक वल्हं माझ्याकडं ढकललं, कमरेचा चाकू काढला आणि दोर कापला. दोन पावसाळे ओट्यावर बसून विणलेलं जाळं होतं ते. आम्ही दोघांनी वल्ही मारली. होडी शेवटी पार भलत्याच काठाला, बाभळींच्या चिखलात जाऊन रुतली.

चुलतभाऊ गुडघाभर चिखलात उभा राहून माझ्या गळ्यात पडला. पुढं गावभर सांगत सुटला की भावानं मला वाचवलं. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. एवढं उट्टं काढलं आणि ज्याचं काढलं तोच माझे आभार मानत हिंडतोय, याहून मोठी फजिती कोणती?

मामांना कळलं. परतीच्या वाटेवर चुलतभाऊ पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘कापूस माघारी फिरला व्हता ना?’’

‘‘व्हय.’’

त्यांनी हातांना फडकं गुंडाळलं आणि चालत राहिले. गावात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारपासून मला कुणी हवा विचारली नाही. मी काठावर जायचो, लोक रामराम करायचे, चहा द्यायचे. दगड रिकामा असायचा.

दिवाळीनंतर एका रविवारी गेलो तर दगडावर चुलतभाऊ बसला होता. हातात कापूस.

मी मामांना बाजूला घेतलं. माझा आवाज चढला होता. ‘‘याला काय कळतं हवेतलं?’’

‘‘त्या दिसापासून रोज येऊन बसतो,’’ मामा म्हणाले. ‘‘पाखरं बघतो, पाणी बघतो, मला इचारतो. लई भेतो त्यो. तुझ्या बापावाणी. हवा सांगायला भेणारा माणूस लागतो, बाबा. तुला भ्या वाटलं न्हवतं त्या दिशी.’’

मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. त्यानं कापूस सोडला. तो त्याच्या पायाशी पडला. खोडांवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. इतकी चांगली हवा वर्षातून फार थोड्या वेळा मिळते. तो मात्र बराच वेळ पश्चिमेकडं बघत राहिला, कपाळाला घाम, आणि म्हणाला, ‘‘आज नाय.’’

जाळी खांद्यावर घेतलेले दोघं-तिघं कुरकुरले. त्यातला एक हसून माझ्याकडं वळला, ‘‘तुमीच सांगा. वारं येनार हाय का खरंच?’’

सगळे थांबले. चुलतभाऊ माझ्याकडं बघू लागला, आबा त्या दिवशी बघत होते तसाच. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्यानंच दिलेलं, ‘म्हाताऱ्याला’ऐवजी ‘याला’ म्हटलं की झालं. म्हटलं असतं तर सगळे हसले असते, तो दगडावरून उठला असता आणि पुन्हा कधी तिथं बसला नसता. पण ते वाक्य आबांवर बोललेलं होतं. मी ते म्हटलं असतं तर दुसऱ्यांदा आबांवरच बोललं गेलं असतं, आणि या वेळी माझ्या तोंडून.

‘‘तो नाय म्हणतोय ना,’’ मी म्हणालो. ‘‘मग नाय.’’

लोक जाळी उतरवून पांगले. चुलतभावानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो मी बाजूला केला. संध्याकाळपर्यंत वारं आलं नाही. शेवटच्या जीपची वेळ होईस्तोवर मी तिथंच, त्याच्या शेजारी बसून होतो, आणि मला अजूनही त्याचा तितकाच राग येत होता.